कडक दगड म्हणजे जुना दगड? बर्म्युडावरचे तीन पेपर वाचताना

"वाळूचा दगड कसा होतो?" पीएच.डी.च्या प्रवेश मुलाखतीत हा प्रश्न आला की बहुतेक जण एकच उत्तर देतात. गाळाचे थर साचतात, वरच्या थरांचा खालच्यांवर दाब पडतो, लाखो वर्षं जातात आणि खडक तयार होतो. शाळेच्या भूगोलापासून हे वाक्य आपल्याबरोबर चालत आलंय. नेट-सेटच्या नोट्समध्ये त्याला 'कॉम्पॅक्शन' आणि 'सिमेंटेशन' असे दोन शब्द चिकटतात, पण दुसरा शब्द पहिल्याच्या मागून फरफटत आल्यासारखा असतो. हे सिमेंट कुठून आलं, कोणी आणलं, किती लागलं, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. (सिमेंट म्हणजे पोत्यातलं नव्हे, कणांच्या मधल्या जागेत नंतर वाढलेले खनिजाचे स्फटिक.)

ते वाक्य खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. क्वार्ट्झची वाळू दोन-तीन किलोमीटर खोल गाडली गेली तर दाब आणि उष्णता दोन्ही कामाला लागतात. कण एकमेकांत रुततात, टेकणीच्या जागी सिलिका विरघळते आणि शेजारीच पुन्हा बसते. पण ही एक गोष्ट सगळ्या वाळूची म्हणून शिकवली जाते, आणि तिच्यातून दोन समज आपल्या डोक्यात घर करतात. पहिला, दगड व्हायला खोल गाडलं जावंच लागतं. दुसरा, जितका कडक तितका जुना. पहिला समज परीक्षेत एखाद-दुसरा मार्क घालवेल. दुसरा मात्र थेट तुमच्या थिसिसमध्ये शिरतो. फील्डच्या वहीत "खालचा थर ठिसूळ, वरचा घट्ट" अशी नोंद होते आणि घरी येऊन त्या घट्टपणावरून कालक्रम लावायचा मोह होतो.

या दुसऱ्या समजाची झडती घ्यायला मी बर्म्युडा बेटांवरचे तीन पेपर घेतलेत: 1967, 1970 आणि 1976 सालचे. तिन्ही जुने आहेत, तिन्ही मिळवून वाचता येण्यासारखे आहेत, आणि एकामागोमाग एक वाचले तर एक कल्पना कशी उभी राहते आणि मग तिच्याच माणसांकडून कशी तपासली जाते ते दिसतं. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी सुटे पेपर वाचण्यापेक्षा अशी साखळी वाचावी, असं माझं मत आहे.

आधी जागा समजून घेऊ. बर्म्युडा अटलांटिक महासागरात, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटरवर. खाली विझलेला ज्वालामुखी, पण तो जमिनीवर कुठेच उघडा दिसत नाही. वर सगळा चुनखडक. हा चुनखडक म्हणजे बहुतांशी वाऱ्याने रचलेल्या टेकड्या: शंखशिंपले, चुनायुक्त शैवाल, फोरामिनिफेरा यांचा चुरा किनाऱ्यावर आला, वाऱ्याने आत ढकलला, त्याचे ढीग झाले आणि ढिगांचा दगड झाला. अशा खडकाला 'इओलियनाइट' हे नाव रॉबर्ट सेल्स यांनी 1931 मध्ये बर्म्युडावरच्याच कामात दिलं. या टेकड्यांवर कधीच किलोमीटरभर गाळ साचलेला नाही. तरीही दगड झालाच. काही ठिकाणी तो इतका मऊ की तिथले लोक पिढ्यानपिढ्या तो करवतीने कापून घरं बांधत आले. भिंतीला विटांसारखे ठोकळे आणि छपराला फरश्या. काही ठिकाणी इतका कडक की हातोडा मारला तर खणखणतो. म्हणजे दाबाचा मुद्दा इथे मुळातच निकाली निघतो. एकाच बेटावर, एकाच प्रकारच्या वाळूचे मऊ आणि कडक असे दोन्ही दगड आहेत, आणि फरक घडवणारी मुख्य गोष्ट एकच उरते: पावसाचं पाणी.

पाणी हे कसं करतं, ते शाळेतल्या एका अर्धवट सोडलेल्या प्रयोगात आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते. कार्बन डायऑक्साइड ओळखायची ती कसोटी, आणि दुधाळ झालं की बाई म्हणायच्या, बास. पण आणखी फुंकत राहिलात तर दुधाळपणा जातो आणि पाणी परत नितळ होतं. पहिल्या फुंकरींनी कॅल्शियम कार्बोनेटचा साका तयार झाला, पुढच्या फुंकरींनी तो बायकार्बोनेट होऊन विरघळला. आता हे नितळ पाणी तापवा. वायू निघून जातो आणि पांढरं परत खाली बसतं. बोअरच्या पाण्याच्या पातेल्यात किंवा गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो हाच. पावसाचं पाणी हवेतून थोडा कार्बन डायऑक्साइड घेतं, पण मातीतून जाताना मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला त्याहून कितीतरी जास्त उचलतं. असं पाणी चुन्याच्या वाळूत उतरलं की कण विरघळवतं. पुढे कुठेतरी वायू सुटला किंवा पाणी सुकलं, की विरघळलेलं परत बसतं.

इथपर्यंत बरीच पुस्तकं येतात. पण बर्म्युडात आणखी एक खुबी आहे आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे. शिंपल्यांचा चुरा सगळा एकाच खनिजाचा नसतो. काही कण अ‍ॅरागोनाइटचे, काही जास्त मॅग्नेशियम असलेल्या कॅल्साइटचे, काही साध्या कॅल्साइटचे. अ‍ॅरागोनाइट आणि कॅल्साइट यांचं रासायनिक सूत्र एकच, पण रचना वेगळी, आणि अ‍ॅरागोनाइट जास्त विरघळतो. 25 अंश सेल्सिअसला त्याचा विद्राव्यता गुणाकार कॅल्साइटच्या सुमारे 1.4 पट आहे. याचा अर्थ असा, की जे पाणी अ‍ॅरागोनाइटने जेमतेम भरलं आहे, ते कॅल्साइटच्या हिशोबाने आधीच भरून वाहतंय. त्यामुळे वायू सुटायची किंवा पाणी सुकायची वाट बघावी लागत नाही. एक कण विरघळतो आणि मिलिमीटरभर अंतरावर दुसरं खनिज वाढतं. वाळू स्वतःलाच खाते आणि स्वतःलाच सांधते.

आता पहिला पेपर. लिंटन लँड, फ्रेड मॅकेन्झी आणि स्टीफन जे गूल्ड यांचा 'प्लाइस्टोसीन हिस्टरी ऑफ बर्म्युडा', 1967. (तिसरे लेखक म्हणजे उत्क्रांतीवर लोकप्रिय निबंध लिहिणारे तेच गूल्ड. त्यांची पीएच.डी. बर्म्युडातल्या जमिनीवरच्या गोगलगायींवर होती. चुनखडकात काम करणाऱ्यांना कुठले कुठले सहलेखक भेटतात बघा.) या पेपरमधली सगळ्यात टिकलेली गोष्ट म्हणजे खडकातल्या बदलाच्या पाच पायऱ्या. ढोबळ सांगायचं तर पहिल्या पायरीवर सुटी वाळू, खनिजं मूळचीच. दुसरीवर कण जिथे टेकतात तिथे थोडं कॅल्साइटचं सिमेंट. तिसरीवर जास्त मॅग्नेशियमवाल्या कॅल्साइटमधलं मॅग्नेशियम निघून गेलेलं, अ‍ॅरागोनाइट अजून शाबूत. चौथीवर अ‍ॅरागोनाइटही विरघळायला लागलेला. पाचवीवर सगळा खडक साध्या, स्थिर कॅल्साइटचा.

हे वर्गीकरण मला आवडतं, कारण ते डोळ्यांना आणि उपकरणांना दिसणाऱ्या गोष्टींवर उभं आहे. थिन सेक्शन बघा, एक्स-रे डिफ्रॅक्शनवर खनिजं मोजा, पायरी ठरवा. दोन वेगळ्या माणसांनी केलं तरी उत्तर साधारण एकच येईल. आणि बर्म्युडातला सगळ्यात जुना चुनखडक, वॉल्सिंगहॅम, सगळ्यात बदललेला आणि कडक आहे, तर सगळ्यात तरुण टेकड्या पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या आसपास आहेत. त्यामुळे शिडी आणि वय ढोबळमानाने हातात हात घालून जातात असं दिसतं.

गडबड या 'ढोबळमानाने'मध्ये आहे. पायऱ्यांना आकडे दिले की वाचणारा त्यांना क्रम समजतो आणि क्रमाला काळ समजतो. "हा तिसऱ्या पायरीचा, म्हणून त्या दुसऱ्या पायरीच्या दगडापेक्षा जुना", हे वाक्य पेपर वाचताना तुमच्याही मनात आलं असेल. ते आलं की थांबा आणि विचारा: इथे मोजलंय काय? खनिजं आणि सिमेंट. वय मोजलेलं नाही. बदल कमी-जास्त असायला वेळाखेरीज दुसरं कारण असू शकतं का?

याचं उत्तर कागदावर हिशोब मांडूनच काढू. एक घनमीटर वाळू घ्या. त्यातली 40 टक्के जागा मोकळी, 60 टक्के कण. समजा सगळे कण अ‍ॅरागोनाइटचे आहेत आणि सगळ्यांचं जागच्या जागी कॅल्साइट झालं. कॅल्साइट थोडं जास्त जागा घेतं: एका मोलला 36.93 घनसेंटिमीटर, अ‍ॅरागोनाइटला 34.15. म्हणजे सुमारे 8 टक्के वाढ. 60 चे साधारण 65 होतील आणि मोकळी जागा 40 वरून 35 टक्क्यांवर येईल. बस्स. प्रत्यक्षात सगळी वाळू अ‍ॅरागोनाइटची नसते, म्हणजे फरक याहूनही कमी. थोडक्यात, वाळूने स्वतःला कितीही खाल्लं तरी भोकं काही त्यातून बुजत नाहीत. भोकं बुजलेला चुनखडक तुमच्या हातात असेल तर कुठून तरी बाहेरून माल आलेला आहे, आणि ज्या ठिकाणाहून आला तिथे तेवढंच रिकामं झालेलं आहे. वॉल्सिंगहॅम खडक घट्ट, आणि बर्म्युडातल्या प्रसिद्ध गुहाही त्याच भागात, हा योगायोग समजू नका. एका जागी दगड सांधणारं पाणी दुसऱ्या जागी पोखरणारंही असतं.

मग बाहेरून माल आणायला पाणी किती लागेल? त्याच घनमीटरमध्ये 10 टक्के जागा सिमेंटने भरायची आहे असं धरू. कॅल्साइटची घनता 2.71, म्हणजे 271 किलो कॅल्साइट हवं. दर लिटर पाण्याने 50 मिलिग्रॅम खाली टाकलं असं गृहीत धरलं, तर 54 लाख लिटर पाणी लागेल. वर्षाला अर्धा मीटर पाणी जमिनीत मुरतं असं धरलं, तर एक चौरस मीटरमधून 500 लिटर जातात. भागाकार करा: जवळपास 10,800 वर्षं. तेही एका मीटर जाडीला. दहा मीटर जाडीच्या टेकडीला लाखाच्या वर. 50 मिलिग्रॅम आणि अर्धा मीटर हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुम्ही तुमच्या भागातले घाला आणि उत्तर कसं हलतं ते बघा. असा पाठपोटावरचा हिशोब प्रपोजल लिहिण्याआधी करायची सवय लावून घ्या. गाइडला तो आवडतो आणि तुम्हाला स्वतःला कळतं की आपला दावा शक्य कोटीतला आहे की नाही.

या हिशोबात एक गोष्ट लगेच दिसते. 10 टक्क्यांऐवजी फक्त 2 टक्के सिमेंट हवं असेल तर वेळही पाचपट कमी, साधारण 2,200 वर्षं. आणि दगडाला उभं राहायला 2 टक्केही पुरतात, फक्त ते योग्य जागी बसायला हवेत. ओल्या वाळूचा किल्ला का उभा राहतो? पाणी सगळीकडे भरलेलं नसतं. दोन कण टेकतात त्या चिंचोळ्या जागेत ते धरून राहतं. भूजलपातळीच्या वर, म्हणजे ज्याला व्हॅडोज झोन म्हणतात तिथे, पाऊस पडून गेल्यावर पाणी नेमकं असंच राहतं. सिमेंटही तिथेच बसतं. मायक्रोस्कोपखाली अशा दगडातली भोकं गोलसर दिसतात, कारण कोपरे सिमेंटने बुजवलेले असतात. रॉबर्ट डनहॅम यांनी 1971 मध्ये याला 'मेनिस्कस सिमेंट' म्हटलं. याउलट पाण्याच्या पातळीखाली, फ्रिअ‍ॅटिक झोनमध्ये, सगळी भोकं पाण्याने भरलेली असतात आणि स्फटिक कणाभोवती सगळ्या बाजूंनी वाढू शकतात.

म्हणजे एकाच वयाच्या टेकडीचा वरचा भाग आणि पातळीखालचा भाग वेगवेगळे दिसायला हवेत. हे नुसतं अनुमान राहिलं असतं, पण लँड यांनी स्वतःच 1970 मध्ये 'सेडिमेंटॉलॉजी'त पेपर लिहिला. विषय: बर्म्युडातली एक जुनी, खडकात गोठून राहिलेली भूजलपातळी. तोच खडक, तेच वय. जुन्या पातळीच्या वर बदल कमी, सिमेंट कमी. खाली बदल जास्त पुढे गेलेला आणि खडक जास्त सांधलेला. तीन वर्षांपूर्वीच्या शिडीवर बसवायचे ठरवले तर एकाच खडकाचे तुकडे वेगवेगळ्या पायऱ्यांवर जातील, आणि त्यांच्या वयात काडीचाही फरक नाही.

या तिघांतला माझा आवडता पेपर हा दुसरा. कारण तो प्रश्न असा घेतो की बाकी सगळं आपोआप सारखं राहतं. वाळू तीच, पाऊस तोच, काळ तोच. बदललं ते फक्त पातळीच्या वर की खाली. फील्डमध्ये असे नैसर्गिक प्रयोग क्वचित सापडतात. सापडले तर त्यांच्यापुढे तुमचे पन्नास विखुरलेले नमुने फिके आहेत. टीका करायचीच तर एवढी, की ही एक जागा आहे. पातळीखालचा बदल किती पटींनी वेगवान, हा आकडा तिथून उचलून दुसऱ्या बेटावर लावता येणार नाही, कारण पावसाचं प्रमाण, मातीचा थर, वाळूतलं अ‍ॅरागोनाइटचं प्रमाण हे सगळं तिथे वेगळं असेल. दिशा घ्या, आकडा घेऊ नका.

तिसरा पेपर, 1976: प्लमर, व्हॅकर, मॅकेन्झी, ब्रिकर आणि लँड. इथे या मंडळींनी खडक बाजूला ठेवून पाणी मोजायला घेतलं. बर्म्युडाला नदी नाही. मुरलेलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात तरंगत असतं. विहिरींतून त्या पाण्याचे नमुने घ्यायचे आणि त्यात काय विरघळलंय ते बघायचं. पण समुद्राच्या मधोमध असलेल्या बेटावर पाण्यात समुद्राचं मीठ असणारच. तो वाटा क्लोराइडवरून काढून वजा करायचा. उरलेलं खडकातून आलेलं. त्यातला स्ट्रॉन्शियम अ‍ॅरागोनाइट किती विरघळला ते सांगतो, कारण अ‍ॅरागोनाइटच्या जाळीत स्ट्रॉन्शियम सहज मावतो. मॅग्नेशियम दुसऱ्या खनिजाची खबर देतं. विरघळलेल्या मालातून पाण्यात उरलेलं कॅल्शियम वजा केलं की कॅल्साइट किती खाली बसलं याचा अंदाज. म्हणजे दगड कापून झालेला बदल बघण्याऐवजी बदल चालू असतानाच त्याचा जमाखर्च पकडायचा. घरातला खर्च आता कळतोय, मग एवढी शिल्लक जमायला किती वर्षं लागली असतील, असा हा विचार.

पद्धत म्हणून हे सुंदर आहे, पण इथेच आपल्याला वाचक म्हणून कडक व्हायला हवं. आजच्या विहिरीतला वेग आजच्या पातळीचा आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्र आजच्यापेक्षा साधारण 120 मीटर खाली होता. गोड्या पाण्याचं ते भिंगही समुद्राबरोबर खाली गेलं असणार. आज जो दगड भिंगात बुडालेला आहे तो तेव्हा कोरडा, उंचावर होता, आणि त्याआधीच्या उबदार काळात कदाचित पुन्हा बुडालेला. तेव्हा आजचा वेग गुणिले वय असा सरळ गुणाकार करता येत नाही. तो दगड किती वर्षं भिंगाच्या आत होता हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे फिरून तिथेच आलो: दगडाच्या कडकपणात काळ नोंदवलेला असतो, पण सगळा काळ नाही. पाण्याशी गाठ पडली तेवढाच.

आता म्हणाल, बर्म्युडा लांब राहिलं, आमचा बेसाल्टचा मुलुख. तर दोन उदाहरणं जवळची देतो. कोकणातल्या काही किनाऱ्यांवर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात शिंपल्यांच्या चुऱ्याची वाळू सांधून फळ्यांसारख्या चिपा झालेल्या दिसतात. हा बीचरॉक. त्याला सांधणारं पाणी बऱ्याचदा समुद्राचं असतं, म्हणून तो बर्म्युडाच्या टेकड्यांसारखा धरू नका. पण वयाच्या मुद्द्यावर तो शेवटचा खिळा आहे. जगात अनेक ठिकाणी बीचरॉकमध्ये काचेच्या बाटल्या आणि लोखंडी भंगार पक्कं जखडलेलं सापडलंय. हातोड्याला दाद न देणारा दगड, आणि वय आपल्या आजोबांपेक्षा कमी!

दुसरं उदाहरण सौराष्ट्रातल्या मिलिओलाइटचं. मुंबईतल्या ब्रिटिशकालीन इमारतींमध्ये जो फिकट पिवळसर 'पोरबंदर दगड' भरपूर वापरलाय, तोच. मिलिओलिड जातीच्या सूक्ष्म कवचांवरून त्याला हे नाव मिळालं. हा समुद्रात साचला की वाऱ्याने नेला, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ वाद झाला. त्या वादात मी इथे पडत नाही. मला बोलायचंय ते वयाबद्दल, कारण सिमेंटकडे दुर्लक्ष केलं तर खरा फटका इथे बसतो.

समजा अशा दगडाचा एक तुकडा तुम्ही सगळाच्या सगळा दळला आणि रेडिओकार्बनला पाठवला. कण समजा सव्वा लाख वर्षांचे. त्यांच्यात रेडिओकार्बन शिल्लकच नाही, खरं उत्तर "मोजता येण्यापलीकडे" असं यायला हवं. पण पुडीत सिमेंटही आहे, आणि ते नंतर बसलंय. वर चुन्याच्या निवळीत पाहिलं तसं, विरघळलेल्या बायकार्बोनेटमधला साधारण निम्मा कार्बन जुन्या खडकातून येतो आणि निम्मा मातीतल्या वायूतून. तुकड्यात 10 टक्के अगदी ताजं सिमेंट असेल तर एकूण कार्बनपैकी सुमारे 5 टक्के आधुनिक. 8,033 गुणिले 20 चा लॉगॅरिदम: प्रयोगशाळा तुम्हाला सुमारे 24,000 वर्षं असं उत्तर देईल. दोन्ही बाजूंना व्यवस्थित चूक-मर्यादा लिहिलेलं, छापण्यालायक दिसणारं उत्तर. त्यावरून तुम्ही म्हणाल की हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली असताना, इथे किनारी वाळूच्या टेकड्या होत्या. एक अख्खा हवामानाचा इतिहास, दहा टक्के सिमेंटवर उभा. प्रयोगशाळेने काहीच चूक केलेली नाही. तिला पुडी मिळाली, तिने पुडी मोजली.

पाच टक्के हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून उलटा हिशोबही करून बघा: आधुनिक कार्बन फक्त 1 टक्का असला तरी उत्तर 37,000 च्या आसपास येतं. सव्वा लाख कधीच येत नाही. म्हणून अशा दगडावरचा कुठलाही वयाचा पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी पद्धतीचं पान उघडा. पूर्ण तुकडा दळला का, की एकेक कण वेचला? थिन सेक्शन पाहिला का? अ‍ॅरागोनाइट शिल्लक आहे का हे एक्स-रेवर तपासलं का? जो शिंपला मुळात अ‍ॅरागोनाइटचा असतो तो आज कॅल्साइटचा निघाला, तर त्याच्यातून पाणी जाऊन आलंय. त्याचं वय विचारण्यात अर्थ नाही.

आणि ज्यांना पुढच्या हिवाळ्यात पोरबंदर, जुनागढ किंवा कोकणाच्या किनाऱ्यावर नमुने घ्यायला जायचंय त्यांच्यासाठी: वहीत नमुन्याच्या नावापुढे अक्षांश-रेखांश तुम्ही लिहालच. त्याच ओळीत जवळच्या विहिरीची पातळी, नमुना त्या पातळीपासून किती वर किंवा खाली, वर मातीचा थर किती जाड, आणि दगड उघड्यावरचा आहे की ताज्या खाणीतला, हेही लिहा. शेवटचा मुद्दा विसरला जातो. उघड्यावरच्या पृष्ठभागावर पाणी पुन्हा पुन्हा मुरून सुकतं, तिथे कडक कवच धरतं, आणि आत चार बोटांवर तोच दगड नखाने खरवडता येतो. हातोडीने एकच टवका काढून पिशवीत टाकलात तर तुम्ही कवच घरी आणलंत. निदान वीस सेंटिमीटर आत जा, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.